टायर घेण्याआधी भुईकाट्यावर

आमचा मंडप, लायटिंग आणि जनरेटरचा धंदा आहे, अमळनेर तालुक्यात. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तो उभा केला. आता मंडपाचं काम नवरा बघतो आणि बुकिंग, हिशेब, गाड्यांचे कागद माझ्याकडे असतात. जनरेटर दोनचाकी ट्रॉलीवर बसवलेला आहे. ती ट्रॉली पिकअपच्या मागे हुकाला लावायची आणि लग्नाच्या गावी न्यायची. पिकअप नोव्हेंबर २०१९ ची. तिचे टायर बदलायचं काम एप्रिलमध्ये अंगावर पडलं आणि नोव्हेंबरमध्ये संपलं. मधल्या काळात मला बऱ्याच जणांनी बरंच काही सांगितलं, त्यातलं निम्मं चुकीचं होतं. ज्यांची गाडी मागे काहीतरी ओढते, मग तो जनरेटर असो, पाण्याचा टँकर असो की बोअरवाल्यांचा कॉम्प्रेसर, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

२० एप्रिल २०२५, रविवार. एरंडोलकडचं लग्न होतं. नानाभाऊ, आमचे ड्रायव्हर, दुपारी दोनला निघाले. पारोळ्याहून महामार्गाला लागले आणि तीनच्या सुमारास मागचं डावं टायर फुटलं. खानदेशातला एप्रिल आणि दुपारचे तीन, म्हणजे डांबराला हात लावायची सोय नाही. मागे तेराशे किलोची ट्रॉली होती. गाडी डावीकडे ओढली गेली, ट्रॉली दोनदा झुलली, पण नानाभाऊंनी ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि गाडी हळूहळू कडेला आणली. कुणाला लागलं नाही. स्टेपनी लावून तीसच्या वेगाने ते पोचले, नवरदेवाची मिरवणूक निघायच्या वेळेला लाईट लागली. घरी मात्र त्या रात्री कुणाला नीट झोप लागली नाही. नानाभाऊंच्या घरी दोन लहान मुली आहेत, मला राहून राहून त्या आठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी फुटलेलं टायर घेऊन पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. मला वाटत होतं टायर झिजून गोटा झालं असेल. तसं नव्हतं. नक्षी चांगली चार मिलिमीटर शिल्लक होती. चाचांनी टायर रिमवरून काढलं आणि उलटं करून आपटलं, तर आतून काळ्या रबराचा भुगा पडला. आतल्या बाजूने, बाजूच्या भिंतीला गोल फिरलेला एक घासल्याचा पट्टा होता. "हे हवा कमी असताना चाललेलं टायर आहे," ते म्हणाले. "फुटलं काल, पण मरत होतं कधीपासून."

नानाभाऊंना हे पटेना, कारण ते प्रत्येक फेरीला हवा बघायचे. मग चाचांनी विचारलं, कधी बघता? उत्तर मिळालं: दुपारी, निघाल्यावर, पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पंपावर. तिथेच सगळा उलगडा झाला. गाडी चालली की टायर तापतं आणि आतल्या हवेचा दाब वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) असेल, तर भरलेल्या गाडीने उन्हात तासभर पळाल्यावर तीच ६८-६९ दाखवते. हे नंतर मी स्वतः मीटर लावून पाहिलं. पंपावरचा पोरगा ६९ बघायचा आणि 'जास्त झाली' म्हणून ६० वर आणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड झालं की खरी हवा पन्नासच्या आसपास उरलेली असायची. हवा कमी म्हणजे टायरची भिंत जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्याने आणखी तापते. वरून वजन, खालून तापलेला रस्ता. दोन वर्षं हे असंच चाललं होतं आणि आम्ही समजत होतो की आपण काळजी घेतोय.

त्याच दिवशी ४५० रुपयांचं स्वतःचं मीटर घेतलं. ते आता गाडीच्या कप्प्यात असतं. नियम एकच: सकाळी, गाडी हलवायच्या आधी. तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. किती ठेवायची तो आकडा मी इथे देत नाही, कारण माझ्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही. गाडीच्या पुस्तिकेत रिकामी आणि भरलेली असे दोन वेगळे आकडे असतात, ते बघा.

उरलेल्या तारखा कशा काढल्या तेही सांगते. आप्पांनी स्पष्ट सांगितलं, या टायरांवर जनरेटर जाणार नाही. एक जुनं टायर २,५०० ला घेऊन पिकअप फक्त पाइप-कापडाला ठेवली आणि जनरेटरला भाड्याचा ट्रॅक्टर लावला. नऊ तारखा, प्रत्येकी १,५०० रुपये, म्हणजे १३,५०० गेले. टायर लगेच घेतले असते तर हे वाचले असते, हे खरं आहे. पण सराईच्या धावपळीत विचार न करता घेतलेले टायर पाच-सहा वर्षं गळ्यात पडतात, आणि तेव्हा मला काहीच कळत नव्हतं.

पावसाळ्यात लग्नं नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी टायर वाचायला शिकले. खरंच वाचायला, टायरच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं असतं, आपण फक्त कंपनीचं नाव बघतो.

आमच्या टायरवर होतं: ७.०० आर १५ एलटी, १२ पीआर, ११७/११६ एल. पहिला आकडा रुंदी, इंचात. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचं टायर. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायर किती दणकट आहे त्याची जुनी मोजणी. आत खरोखर बारा थर असतात असं नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा निघाला तो ११७. हा लोड इंडेक्स. तो थेट किलोत नसतो, त्याचा तक्ता असतो. ११७ म्हणजे एका टायरला १,२८५ किलो, ११६ म्हणजे १,२५०. दुसरा आकडा मागे जोडचाकं असणाऱ्या गाड्यांसाठी असतो, आमच्या गाडीला एकेरी चाक असल्याने पहिलाच धरायचा. एल म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी १२० किलोमीटर. आणि हे वजन टायर तेव्हाच उचलतं जेव्हा हवा पुरेशी असते. कमी हवेत ११७ ला काही अर्थ राहत नाही.

तारीखसुद्धा असते. लंबगोल चौकटीत चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मी गाडीखाली वाकून सगळे कोड वहीत लिहून घेतले. स्टेपनीपाशी आल्यावर नानाभाऊ म्हणाले, "वहिनी, हाई ते नवंच शे, एक डाव बी रोडवर उतरेल नई." त्यांचं बरोबर होतं, एप्रिलच्या त्या दिवसापर्यंत ती खाली उतरलीच नव्हती. नक्षी कोरी करकरीत. पण कोड होता ३९१९. म्हणजे २०१९ चा एकोणचाळिसावा आठवडा. सहा वर्षं गाडीखाली लटकून धूळ, चिखल, उन्हाळे खाल्लेलं रबर. भिंतीवर नखाएवढ्या बारीक भेगा होत्या. टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर कितीही चांगलं दिसलं तरी वापरू नका. आमच्याकडचं ऊन बघता आणि मागे ट्रॉली असताना मी दहापर्यंत थांबणार नाही. चार टायर घ्यायचे ठरले होते, ते पाच झाले.

ऑगस्टमध्ये गावातल्या एका दुकानात भाव विचारला. ट्यूब-फ्लॅपसह एका टायरचे ९,४७२, पक्क्या बिलाने. दुकानदार माझ्याशी बोलता बोलता उत्तरं मात्र नानाभाऊंकडे बघून देत होता. त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला, तशाच पिकअपला २३५/७५ आर १५ चे रुंद टायर लावलेले. "गाडी भारी दिसते, रोडला चिकटून चालते. रिम पण बदलून देतो." नवऱ्याला आवडले. मलाही आवडले, खोटं का बोलू. रुंद टायर म्हणजे जास्त वजन झेलणार, असंच कुणालाही वाटेल. मी फक्त त्या टायरवरचा आकडा वहीत टिपून घेतला: १०५.

घरी येऊन तक्ता बघितला. १०५ म्हणजे ९२५ किलो.

आमच्या गाडीच्या मागच्या टायरवर किती वजन येतं, हे मात्र घरात कुणालाच सांगता येईना. नवरा म्हणाला सातशे, नानाभाऊ म्हणाले हजार. आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "पहिले वजन करी ल्या, मंग दुकानमा जा." तेवढ्यात १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला आणि २२ सप्टेंबरपासून टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. आम्हाला घाई नव्हती, म्हणून दिवाळीनंतरच घ्यायचं ठरवलं.

२७ ऑक्टोबरला, सोमवारी, गाडी लग्नाला जाते तशी पूर्ण भरली. केबलची बंडलं, लोखंडी पाइप, हॅलोजनचे स्टँड, डिझेलचे कॅन, पुढे दोन माणसं. ट्रॉली लावली आणि भुईकाट्यावर, म्हणजे भरलेल्या गाड्या तोलायच्या काट्यावर, गेलो. कापसाचे दिवस सुरू झालेले, आमच्या पुढे कापसाने फुगलेल्या सात गाड्या. दीड तास थांबलो. काटेवाल्याला आधी समजावून सांगावं लागलं की मला गाडीचं एकूण वजन नको, पुढच्या आणि मागच्या चाकांचं वेगळं हवं आहे. पद्धत सोपी आहे: आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. हेच एकदा ट्रॉली सोडून आणि एकदा ट्रॉली लावून, ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर ठेवून. शेवटी एकटी ट्रॉली. त्याने दोनशे रुपये घेतले आणि सगळ्या पावत्या दिल्या. गर्दी नसलेल्या दुपारी गेलात तर तो माणूसही चिडणार नाही आणि तुम्हीही ऐसपैस मोजाल.

आकडे असे आले. ट्रॉली नसताना पुढच्या चाकांवर ९६०, मागच्यांवर १,६९० किलो. ट्रॉली लावल्यावर पुढे ८९०, मागे १,९२०.

हे मी दोनदा मोजून घेतलं. हुकावर ट्रॉलीच्या दांडीचा भार होता १६० किलो, पण मागची चाकं २३० ने जड झाली. कारण हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे भार दिला की गाडी तराजूसारखी होते, पुढचं पारडं उचललं जातं. पुढचे सत्तर किलो उचलून मागे गेले. नानाभाऊ नेहमी म्हणायचे की ट्रॉली लावली की स्टिअरिंग हलकं पडतं. त्याचं कारण त्या पावतीवर छापून आलं.

मागे १,९२० म्हणजे एका टायरवर ९६० किलो, तेही गाडी सरळ उभी असताना आणि दोन्ही बाजूंना सारखं वजन धरून. खड्डा, वळण, गतिरोधक वेगळेच. ते देखणे रुंद टायर ९२५ चे होते. म्हणजे नवे कोरे असतानाच, गाडी जागेवर उभी असताना, त्यांच्यावर कुवतीपेक्षा जास्त वजन पडलं असतं. आमच्या मूळ मापाच्या टायरला १,२८५ किलोची कुवत होती, म्हणजे सव्वातीनशे किलोची सवड. शिवाय रिम-टायरचं माप मनाने बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते बसत नाही, आणि पासिंगच्या, म्हणजे गाडीच्या फिटनेस तपासणीच्या, वेळी ते निस्तरायची माझी तयारी नव्हती.

आणखी एक गोष्ट पावत्यांनी दाखवली. ट्रॉलीच्या चाकांवर १,१८० आणि दांडीवर १६०, मिळून १,३४०. म्हणजे दांडीवर साधारण बारा टक्के. दोनचाकी ट्रॉलीला हे दहा ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये असावं. कमी असेल तर ट्रॉली झुलायला लागते, जास्त असेल तर मागचे टायर आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मरतात. आमचं बरोबर होतं, पण एप्रिलमध्ये जनरेटरच्या मागच्या बाजूला आम्ही दोन जादा केबल बंडलं बांधली होती, ते आठवून आता वाईट वाटतं. ट्रॉली झुलली ती त्यामुळेही असेल. तेव्हापासून ट्रॉलीवर जनरेटरशिवाय काहीही ठेवायचं नाही, आणि पिकअपमध्ये जड पाइप केबिनला टेकवून पुढे लावायचे. त्या दिवशी गाडीत आजच्यापेक्षा जास्त माल होता हेही कबूल करते. आरसी बुकावरच्या एकूण वजनाच्या वर गेलात तर दंड २०,००० आणि वर प्रत्येक टनाला २,०००, पण मला आता दंडापेक्षा त्या दोन मुलींची भीती वाटते.

आकडे हातात आल्यावर दुकानात जायची धास्ती गेली. पहिल्या दुकानात मी २३५ ला नाही म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी, तालुक्याच्याच गावात, आमच्या मापाचे टायर नऊशे रुपये स्वस्त मिळत होते. कोड पाहिला तर ११२३, म्हणजे मार्च २०२३. अडीच वर्षं गोदामात पडलेले. नीट सावलीत ठेवलेलं टायर लगेच खराब होत नाही हे खरं, पण माझी गाडी टायर झिजवण्याआधी वयानेच म्हातारे करते. लग्नसराई सोडली तर ती उभीच असते. मला ती अडीच वर्षं नऊशे रुपयांपेक्षा महाग वाटली.

७ नोव्हेंबरला, शुक्रवारी, धुळ्याला गेलो. तिथल्या दुकानदारानेही पहिला प्रश्न तोच विचारला: कोणती कंपनी? एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, सगळ्या ठेवतो. मी म्हटलं, कंपनी नंतर. सात-पंधरा, बारा पीआर, लोड इंडेक्स ११७ च्या खाली नको, आणि यंदाच्या जूनच्या आधीचा माल नको. त्याने पेन ठेवलं आणि विचारलं, "ताई, मागे काय ओढता?" तिथून पुढे तो माझ्याशीच बोलला. अर्धा तास बोलला आणि मन लावून बोलला.

त्याने सांगितलेल्या गोष्टी कामाच्या होत्या. टायरवर आयएसआयचा शिक्का बघा आणि त्याजवळचा नंबर वाचा: कारच्या टायरला आयएस १५६३३ असतो, मालवाहूला आयएस १५६३६. कुणी कारचं टायर 'पिकअपला चालतं' म्हणून देत असेल तर तिथेच कळतं. रेडियल आणि साधं नायलॉनचं एकाच आसावर (अ‍ॅक्सलवर) कधी मिसळायचं नाही. नवीन टायरमध्ये जुनी ट्यूब घालायची नाही. ती ताणलेली असते, आत घडी पडते आणि तिथेच फाटते. ट्यूबलेसचं मी विचारलं होतं. ते फुटण्यापेक्षा हळूहळू हवा सोडतात, हा मोठा फायदा. पण आमचे रिम ट्यूबवाले, त्यावर ट्यूबलेस बसवणं बरोबर नाही, आणि पाच रिम बदलायचे पैसे नव्हते. ट्यूबवरच राहिलो.

नक्षीवर मात्र आमचा थोडा वाद झाला. तो म्हणत होता चारही टायर रिबचे घ्या, म्हणजे लांब सरळ रेघांचे. महामार्गावर कमी तापतात, सरळ चालतात. नानाभाऊंना मागे खोल गोट्यांचे, म्हणजे उठावदार ठोकळ्यांच्या नक्षीचे हवे होते, कारण लग्नाचे मंडप शेतात असतात. काळ्या मातीत अवकाळी दोन थेंब पडले की भरलेली गाडी जागची हलत नाही, वर ट्रॉली. दोघांचंही खरं होतं. खोल गोट्यांचं टायर डांबरावर जास्त तापतं आणि आमचं सगळं दुखणं तापण्याचंच होतं. शेवटी पुढे रिब आणि मागे मधल्या जातीचे, मध्ये रेघ आणि कडेला गोट्या असलेले घेतले. स्टेपनी रिबची. मागे लावायची वेळ आली तर फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, तीस-चाळीसच्या वेगाने, असं ठरवलं.

पाचही टायरचे कोड ३१२५ आणि ३३२५ निघाले. एका टायरची मूळ किंमत ७,४००, कर धरून ८,७३२. ऑगस्टच्या भावापेक्षा एका टायरमागे ७४० रुपये वाचले. पाचांचे ४३,६६०. कच्च्या बिलाने आणखी कमी करतो म्हणाला, मी नको म्हटलं. पक्क्या बिलावर पाचही टायरचे सीरियल नंबर लिहून घेतले. क्लेम करायची वेळ आली तर ते लागतात, आणि क्लेम फक्त कंपनीच्या दोषाला मिळतो, किती नक्षी उरली त्या हिशेबाने. कमी हवा किंवा जादा वजनाने फुटलेलं टायर कुणी बदलून देत नाही. बसवण्याचे ५००, बॅलन्सिंगचे ७५०, अलाइनमेंटचे ६००. हवेऐवजी नायट्रोजन भरायचा का, हेही विचारलं त्याने. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, मी साधीच भरली.

जुन्या टायरांपैकी स्टेपनी शेजारच्या काकांनी बैलगाडीसाठी मागितली. बैलाच्या चालीला ती अजून बरीच वर्षं पुरेल. बाकीची भंगारात दिली, कुणी पुन्हा महामार्गावर लावू नये म्हणून आधी भिंतीला काप मारून.

ट्रॉलीच्या टायरांचा विषय माझ्या डोक्यातच नव्हता, तो धुळ्याच्या दुकानदाराने काढला. "पिकअपला बारा प्लाय लावाल आणि मागचं जुनंच ठेवाल?" घरी येऊन पाहिलं, ६.००-१६ चे दोन टायर, नक्षी भरपूर, पण सूर्याकडचं टायर सगळं भेगाळलेलं. आठ महिने ट्रॉली एकाच जागी, एकाच तोंडाने उभी असते. ९,८०० रुपयांत दोन्ही बदलले. आता पावसाळ्यात ट्रॉली ठोकळ्यांवर चढवून चाकांवर पोती टाकायची, असं ठरलंय.

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडे निसरडे असतात, जपून चालवा. आणि चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. आमचे दोन नट पाऊण वळसा फिरले. हे कुणी विसरू नये.

१२ नोव्हेंबरला ट्रॉली लावून चाचणी घेतली. धुळ्याहून लळिंगचा घाट चढून वर गेलो, किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी कडेला घेतली. जनरेटरच्या मेकॅनिककडून तापमान मोजायची गन मागून आणली होती. पिकअपचे पुढचे टायर ४४ अंश, मागचे ५२. ठीक. ट्रॉलीचं उजवं ४९ आणि डावं ६१. सगळे गप्प झाले. टायर नवं, हवा बरोबर. नानाभाऊंनी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावला आणि झटकन मागे घेतला. बेअरिंगमधलं ग्रीस सुकून काळं पडलं होतं. बेअरिंग आणि मजुरीचे ८५० लागले. ती गन नसती तरी हाताच्या मागच्या बाजूनेही कळलं असतं. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागलं की थांबायचं. दर थांब्याला सहाही चाकांना हात लावायचा, हा आता नानाभाऊंचाच नियम आहे.

पासिंगची मुदत २८ नोव्हेंबरला संपत होती. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी करावं लागतं. परिवहनच्या पोर्टलवर फी भरून २० तारीख मिळाली. विमा, पीयूसी, कर, वेगनियंत्रकाचं प्रमाणपत्र, रिफ्लेक्टिव्ह टेप हे सगळं आदल्या दिवशी एका फाइलीत लावून ठेवा. ट्रॉलीची आरसी वेगळी असते, तिचेही कागद वेगळे. टायरची नक्षी झिजत झिजत त्यातल्या आडव्या उंचवट्यांशी, म्हणजे १.६ मिलिमीटरशी आली की टायर संपलं. भिंतीवरचा छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं तो उंचवटा कुठे आहे ते दाखवतात. तपासणीच्या साहेबांनी वाकून चारही टायर पाहिले, स्टेपनीही पाहिली. दुपारी एकपर्यंत मोकळे झालो.

टायर, बसवणं, भुईकाटा, ट्रॉलीचे टायर, बेअरिंग, सगळं मिळून ५६,३६० रुपये. एप्रिलचं जुनं टायर, मीटर आणि ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. आमच्यासारख्या घराला ही रक्कम मोठी आहे. पहिल्या तीन बुकिंगचा पैसा त्यातच गेला.

२३ नोव्हेंबरला हंगामातलं पहिलं लग्न होतं, पारोळ्याच्याच रस्त्याला. पहाटे सहाला अंगणात मी बॅटरी धरली आणि नानाभाऊंनी सहाही चाकांची हवा मोजली, मी वहीत लिहिली. वेग पन्नासच्या वर न्यायचा नाही असं ठरलं होतं, मग टायरची मर्यादा १२० असली तरी. दुपारी पावणेचारला त्यांचा फोन आला. एप्रिलमध्ये जिथे थांबले होते तिथेच गाडी कडेला घेतली होती, चाकांना हात लावून बघायला.

"सगळी सारखीच कोमट शेत, वहिनी," ते म्हणाले, आणि पुढे निघाले.